तोलाची अंगठी आणि परत न केलेला डबा

पीएचडीच्या तयारीत असलेले ज्युनिअर मला हमखास एक प्रश्न विचारतात. "ताई, वाचन चालू आहे, पण रिसर्च क्वेश्चन सुचत नाही. तो येतो कुठून?" खरं सांगू? बऱ्याचदा तो अडचणीतून येतो. आज अशाच एका अडचणीची गोष्ट सांगते. विषय माझ्या मटेरियल सायन्सचा नाही, इतिहासाचा आहे. आणि प्रश्न इतका घरगुती, की आधी तो प्रश्नच वाटला नव्हता: मैत्रिणीच्या बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला काय न्यायचं?

मी दक्षिण कोरियात पीएचडी करतेय. आमच्या लॅबमध्ये माझ्याहून चार वर्षांनी मोठी एक पोस्टडॉक आहे. तिला मी 'ओन्नी' म्हणते. मुलीने स्वतःपेक्षा मोठ्या मुलीला हाक मारायचा हा शब्द, म्हणजे आपली ताईच. इथल्या पहिल्याच हिवाळ्यात बर्फावरून घसरून माझा पाय मोडला, तेव्हा ती रोज संध्याकाळी 'जुक' घेऊन यायची. जुक म्हणजे तांदळाची पेज, वर थोडी भाजी. शेवटच्या दिवशीचा तिचा काचेचा डबा माझ्याकडेच राहिला. आज देऊ, उद्या देऊ करत दोन वर्षं गेली.

मग तिला बाळ झालं, तेही सातव्या महिन्यात. पहिले कित्येक आठवडे ते काचेच्या पेटीत होतं. त्या दिवसांत ती लॅबमध्ये यायची, मशीनसमोर बसायची आणि काही न करता परत जायची. त्यामुळे या वर्षी वाढदिवसाचं आमंत्रण आलं तेव्हा ते नुसतं आमंत्रण नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. काहीतरी नीट न्यायचं होतं.

आईला फोन केला. ती म्हणाली, "अगं, चांदीचे वाळे दे. नाहीतर वाटी-चमचा. त्यात काय एवढा विचार?" लॅबमधला ज्युनिअर म्हणाला, "आमच्याकडे पूर्वापार सोन्याची अंगठीच देतात, एक तोनची." ज्वेलरच्या दुकानात भाव विचारला आणि गुपचूप बाहेर आले. माझ्या स्टायपेंडमधून भाडं, जेवण आणि घरी पाठवायचे पैसे वजा केले तर ती अंगठी बसतच नव्हती.

इथे माझा प्रश्न सुरू झाला. पूर्वापार म्हणजे नक्की कधीपासून?

'पूर्वापार' शब्द आला की थांबा

कोरियात बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला 'तोल' म्हणतात. त्या समारंभाला तोलजान्ची, अंगठीला तोलबान्जी. अंगठीचं वजन मोजायचं जुनं एकक 'तोन'. तोल, तोन, आपला तोळा, आपला तोल! मला वाटलं, काहीतरी मोठं हाती लागलं. त्यातच फ्रेंचमध्ये 'दों' म्हणजे भेट. एक अख्खी रात्र मी या शब्दांच्या मागे घालवली.

मंडळी, हा सापळा आहे. तोळा हा संस्कृत 'तुला'च्या घरातला शब्द. कोरियन 'तोल'मध्ये वजनाचा अर्थच नाही, तो वर्ष पूर्ण होण्याचा शब्द आहे. उच्चार जुळला म्हणून नातं जुळत नाही. तुमच्या डेटात दोन आलेख सारखे दिसले तर तुम्ही लगेच कारण-परिणाम लिहिता का? नाही ना? मग इथेही तोच नियम.

शब्द सोडले आणि नोंदी शोधायला लागले. पहिल्या वाढदिवसाचं बरंच जुनं वर्णन चीनमधलं आहे. सहाव्या शतकात यान चीथुई नावाच्या विद्वान अधिकाऱ्याने आपल्या कुटुंबासाठी उपदेशाचा ग्रंथ लिहिला. दक्षिणेकडच्या लोकांची पद्धत त्यात येते. मूल वर्षाचं झालं की त्याला न्हाऊ घालायचं, नवे कपडे घालायचे आणि पुढ्यात वस्तू मांडायच्या. मुलगा असेल तर धनुष्यबाण, कागद, कुंचला. मुलगी असेल तर कात्री-सुरीसारखी हत्यारं, मोजपट्टी, सुई-दोरा. शिवाय खाणं आणि मौल्यवान वस्तू. मूल आधी काय उचलतं, त्यावरून त्याचा स्वभाव ताडायचा. मग नातेवाईक जमायचे आणि जेवणावळ व्हायची.

कोरियात हाच खेळ 'तोलजाबी' नावाने अजून खेळला जातो. तिथल्या दरबारी इतिहासात राजा चोंगजोच्या मुलाच्या पहिल्या वाढदिवसाची १७९१ सालची नोंद आहे. आज टेबलावर दोरा, तांदूळ, पैसे, पुस्तक असतंच, पण स्टेथोस्कोप, मायक्रोफोन आणि न्यायाधीशाचा हातोडाही असतो. आपल्याकडे बंगाली घरांत अन्नप्राशनाच्या वेळी बाळापुढे माती, पुस्तक, पेन आणि सोनं ठेवतात, ते तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल.

आता नीट बघा. खेळ तोच राहिला, वस्तू बदलल्या. आईबापांना ज्या काळात जे आयुष्य हवंसं वाटलं, ते टेबलावर आलं. म्हणजे टेबलावरच्या वस्तू बाळाबद्दल फारसं सांगत नाहीत, त्या काळाबद्दल सांगतात. इतिहासाचं साधन म्हणतात ते हेच.

एक वर्ष म्हणजे किती?

पण मुळात पहिल्याच वाढदिवसाचं एवढं कौतुक का? कोरियात वय मोजायची पारंपरिक पद्धत वेगळी होती. जन्मताच मूल एक वर्षाचं, आणि पुढे दर नववर्षाला एक वर्ष वाढायचं. डिसेंबरच्या शेवटी जन्मलेलं मूल दोन-चार दिवसांत 'दोन वर्षांचं' व्हायचं! सरकारी कामात बहुतेक ठिकाणी आंतरराष्ट्रीय पद्धतीने वय धरायचा कायदा २८ जून २०२३ रोजी लागू झाला. पण तोल मात्र आधीपासून खरोखर पुऱ्या झालेल्या वर्षावरच साजरा होत आला. त्याआधी शंभराव्या दिवसाचा छोटा समारंभ. म्हणजे इथे वय मोजलेलं नव्हतं. मूल जगलं, हे मोजलेलं होतं.

हे कळायला आपले आकडे पुरेत. भारतात १९७१ साली जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२९ बाळं पहिल्या वर्षातच जायची. २०२० मध्ये हा आकडा २८ होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो २०० च्या वर होता, म्हणजे पाचातलं एक बाळ. दक्षिण कोरियात आज तो ३ पेक्षाही कमी आहे. आपल्याकडे आज्या बाळाला दृष्ट लागू नये म्हणून काजळाची तीट लावायच्या, 'गुटगुटीत आहे' म्हणू द्यायच्या नाहीत, त्यामागे हे १२९ आणि २०० आहेत. कोरियन घरांत तोलाला लाल घेवड्याच्या पिठात घोळवलेले गोळे करतात. लाल रंगाने अरिष्ट टळतं ही समजूत. दोरा ठेवतात तो लांब आयुष्यासाठी.

हे वाचताना मला ओन्नीचं ते काचेच्या पेटीतलं बाळ आठवलं. आकडा ३ पेक्षा कमी असला, तरी ज्या घरी ते आठवडे गेले त्या घरी तो आकडा नसतो.

तोन, तोळा आणि राणीछाप रुपया

आता अंगठी. जुन्या पद्धतीत शेजाऱ्यांना तोलाचा तांदळाचा केक वाटायचे, आणि शेजारी बाळासाठी काहीतरी द्यायचे: दोऱ्याची लड, तांदूळ, पैसे, कपडे, वाटी-चमचा, अंगठी. म्हणजे अंगठी यादीत होती, पण अनेकांतली एक होती. ठरलेल्या वजनाची, दुकानात डबीत तयार मिळणारी अंगठी 'द्यायलाच हवी' असं होणं, ही पगारदार शहरी कोरियाची गोष्ट आहे, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. माझ्या ज्युनिअरचं 'पूर्वापार' त्याच्या आजीपाशी येऊन थांबतं.

ते ठरलेलं वजन म्हणजे एक तोन, ३.७५ ग्रॅम. कोरियाने मेट्रिक पद्धत १९६० च्या दशकातच स्वीकारली होती, आणि १ जुलै २००७ पासून व्यवहारात तोनसारखी जुनी एककं वापरण्यावर कडक बंदी आली. मग काय झालं? दुकानदार पावतीवर '३.७५ ग्रॅम' लिहायला लागले आणि तोंडाने 'एक तोन' म्हणत राहिले.

हसू नका, आपलंही तेच आहे. १८३३ च्या ब्रिटिश नियमाने तोळा १८० ग्रेनचा ठरला, म्हणजे ११.६६ ग्रॅम. भारतात वजनमापांचा मेट्रिक कायदा १९५६ मध्ये आला. आज सराफाकडे आपण 'तोळ्याचा भाव काय?' असंच विचारतो आणि तो १० ग्रॅमचा भाव सांगतो. कोरियात वजन जुनं राहिलं आणि लेखी नाव बदललं. आपल्याकडे नाव जुनं राहिलं आणि वजन बदललं. जुन्या कागदात 'दोन तोळे' वाचलं की त्याला २० ग्रॅम धरू नका. आधी कागदाचं साल बघा. एककाच्या चुकीने प्रयोग फसतो तसा इतिहासही फसतो.

आजीने माझ्या बारशाला राणीछाप रुपया दिला होता, आईने तो अजून जपून ठेवलाय. तो रुपया वजनाला बरोबर १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा, आणि त्यातली चांदी ९१.७ टक्के. हातात दिलेला तो पैसा होता आणि धातूही होता. १९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आली, १९४७ मध्ये तो निकेलचा झाला. तेव्हापासून रुपया देणं आणि चांदी देणं हे दोन वेगळे आहेर झाले. तोलबान्जीचं काम नेमकं या जुन्या रुपयासारखं आहे. बाळाच्या बोटात ती दोन मिनिटं राहते, फोटो निघतो, मग डबीत जाते. अडीनडीला उपयोगी पडावी म्हणून.

अडीनडी खरोखर आली तेव्हा

१९९७ च्या नोव्हेंबरमध्ये कोरियाकडचे डॉलर संपत आले आणि सरकारला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे जावं लागलं. जानेवारी १९९८ मध्ये देशभर सोनं गोळा करायची मोहीम सुरू झाली. लोक रांगा लावून घरातलं सोनं घेऊन आले: लग्नाच्या अंगठ्या, खेळाडूंची पदकं आणि मुलांच्या तोलबान्ज्या. सुमारे ३५ लाख लोकांनी मिळून जवळपास २२७ टन सोनं दिलं. ते वितळवून निर्यात झालं.

ही गोष्ट आपल्याकडेही फिरते, 'कोरियन लोकांनी देशासाठी सोनं दान केलं' अशी. इथे दोनदा थांबा.

पहिलं थांबणं शब्दावर. बहुतेकांनी सोनं दान केलं नव्हतं. सोनं जमा करायचं, पावती घ्यायची, आणि निर्यातीनंतर त्याचे पैसे वॉनमध्ये घ्यायचे अशी व्यवस्था होती. देशाला हवे होते डॉलर, लोकांना मिळाले वॉन. यामुळे त्यांचं मोल कमी होत नाही. मुलाची अंगठी विकायला काढणं सोपं नसतंच. पण दान वेगळं आणि विक्री वेगळी, आणि संशोधन करणाऱ्याने हा फरक लिहायचाच असतो.

दुसरं थांबणं आकड्यावर. २२७ टन भागिले ३५ लाख केलं तर माणशी साधारण ६५ ग्रॅम येतात. भागिले ३.७५, म्हणजे माणशी सतरा अंगठ्या. एका घरात दोन-तीन मुलं धरली तरी हे जमत नाही. म्हणजे या ढिगात तोलबान्ज्यांबरोबर साखळ्या, बांगड्या आणि इतर जड सोनंही भरपूर असणार, आणि काही थोड्यांनी खूप दिलं असणार. गोष्टीत अंगठी राहिली कारण ती मनाला लागते. सरासरी मनाला लागत नाही, पण ती गोष्टीला प्रश्न विचारते. कुठलाही गाजलेला आकडा दिसला की माणशी किती, घरटी किती, हा भागाकार पाठकोऱ्या कागदावर करून बघायची सवय लावा.

आता भाव. १९९८ च्या सुरुवातीला सोनं औंसाला साधारण ३०० डॉलरच्या आसपास होतं, म्हणजे एका तोनमधल्या सोन्याचे ३५ डॉलर. ऑक्टोबर २०२५ मध्ये भावाने ४,००० डॉलरचा टप्पा ओलांडला, म्हणजे त्याच अंगठीतल्या सोन्याचे ४८० डॉलर. अंगठी तीच, बोट तेवढंच, आणि देणाऱ्यावरचा भार कितीतरी पट. भाव वाढत गेले तशा अर्ध्या तोनच्या अंगठ्या आल्या, मग १ ग्रॅमच्या. बरेच लोक सरळ पांढऱ्या पाकिटात पैसे घालतात, वर आपलं नाव लिहितात. रक्कम बहुतेक ३, ५ किंवा १० दहा-हजारी नोटांची. आपण ५१, १०१, ५०१ करतो तसंच काहीसं.

दुसरीकडे मुलंच कमी झाली आहेत. २०२३ मध्ये दक्षिण कोरियाचा जननदर ०.७२ होता. अंगठी महाग होत गेली आणि ती घालायची बोटं कमी होत गेली.

मग टिकलं काय?

वस्तू बदलली, वजन बदललं, एककाचं नाव बदललं. मग 'पद्धत' म्हणून उरलं काय? हाच माझा खरा रिसर्च क्वेश्चन झाला, आणि त्याचं उत्तर मला अंगठीत मिळालं नाही. ते केकच्या ताटलीत मिळालं.

जुनी रीत अशी: शेजारच्या घरून तोलाचा केक आला की ती ताटली धुऊन रिकामी परत पाठवायची नाही. तिच्यात दोरा, तांदूळ, पैसे, जे जमेल ते ठेवून पाठवायची. हे वाचलं आणि मी खुर्चीत मागे टेकून बसले. कारण आमच्या घरी आईने मला शेजारी वाटी द्यायला पाठवताना हजारदा सांगितलंय, "रिकामी नेऊ नकोस गं, चार दाणे साखरेचे तरी घाल."

फ्रेंच अभ्यासक मार्सेल मोस यांनी १९२५ मध्ये भेटवस्तूंवर एक मोठा निबंध प्रसिद्ध केला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की वरवर राजीखुशीची दिसणारी भेट तीन बंधनांवर उभी असते: द्यायचं, घ्यायचं आणि परतफेड करायची. यासाठी त्यांनी पॅसिफिक बेटांपासून महाभारताच्या अनुशासन पर्वातल्या दानधर्मापर्यंत पुरावे जमवले. मोस वाचताना एक गोष्ट सहज निसटते, ती ताटलीमुळे माझ्या लक्षात राहिली. परतफेड बरोबरीची नसते. केकच्या बदल्यात तेवढाच केक दिला तर हिशोब मिटतो आणि नातंही तिथेच थांबतं. दोऱ्याची लड दिली की हिशोब उघडा राहतो. पुढे कधीतरी पुन्हा ताटली येणार असते.

तुमच्या घरी आहेराची जुनी वही असेल तर या सुट्टीत काढून बघा. कोणी काय दिलं, किती दिलं, काय परत गेलं. कोरियातही लग्न-मयताच्या अशा नोंदी ठेवतात, आणि जुन्या घराण्यांच्या नोंदवह्या अभ्यासक वापरतात. साल, रक्कम, वस्तू, नातं असे चार रकाने केले तरी एक छोटा शोधनिबंध उभा राहील. फक्त छापायच्या आधी घरच्यांना विचारा आणि नावं झाका. त्या वहीत लोकांची गरिबीही लिहिलेली असते.

तर मी काय नेलं?

आम्ही लॅबमधल्या चौघांनी मिळून १ ग्रॅमची अंगठी घेतली. सोनं मी रोजच वापरते. सेन्सरवर ५० नॅनोमीटरचा थर देते, एका चौरस सेंटीमीटरला मिलिग्रॅमचा दहावा भाग लागतो. त्या हिशोबाने १ ग्रॅम म्हणजे दहा हजार सॅम्पल. कमी नव्हतं ते! पण मी एकटीने काहीतरी द्यायचं बाकी होतं.

तो काचेचा डबा मी घासून ठेवला. त्यात पांढऱ्या दोऱ्याची लड ठेवली, मूठभर तांदूळ घातले, आणि आईने पाठवलेल्या लाडवांतले पाच. समारंभात ओन्नीच्या हातात डबा दिला. तिने तो आधी ओळखलाच नाही. मग झाकण उघडलं, दोरा बघितला, आणि बराच वेळ काही बोलली नाही. शेवटी म्हणाली, "डबा दोन वर्षं तुझ्याकडे होता?" मी म्हटलं, "सॉरी ओन्नी, रिकामा कसा देणार?"

बाळाने तोलजाबीत काय उचललं? टेबलावर त्याच्या बाबांनी ठेवलेला मायक्रोपिपेट सोडून ते सरळ तांदळाच्या वाडग्याकडे गेलं आणि वाडगा पालथा केला. सगळे टाळ्या वाजवत होते, ओन्नी रडत होती.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर तो डबा होता, तांदळाच्या केकने भरलेला. म्हणजे तो आता पुन्हा माझ्याकडे आहे. या वेळी दोन वर्षं लावायची नाहीत, एवढं ठरवलंय.